‘करावे’, पण कोणी? : कर्जत-खालापूरच्या आपत्ती-नियोजनातील अधिकार आणि भाषा

१

आपत्तीच्या नियोजनाचा विचार बहुधा अभियांत्रिकी, भूशास्त्र अथवा लोकप्रशासन या शास्त्रांच्या अंगाने केला जातो, आणि तो योग्यही आहे. परंतु नियोजन म्हणून जे काही हाती येते ते अखेरीस एक लेखी वाङ्मय असते, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. अधिनियम, शासननिर्णय, परिपत्रक, जिल्हा-आराखडा आणि शेवटी गावच्या फलकावर वा दूरध्वनीच्या पडद्यावर येणारी दोन ओळींची सूचना ही सारी वाक्यांची बनलेली असतात. अधिकार कोणाचा आणि काम कोणाचे हे त्या वाक्यांतूनच ठरते. अथवा ठरावयाचे राहून जाते. म्हणून या वाङ्मयाची परीक्षा करणे हे भाषाभ्यासकाचेही कर्तव्य ठरते.

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके अशा परीक्षेस विशेष सोयीचे आहेत. समुद्रकिनारा त्यांना नाही. तरीही समुद्रावर उठणाऱ्या प्रत्येक वादळाचा पाऊस सह्याद्रीच्या भिंतीशी अडतो तो येथेच. उल्हास नदी कर्जत तालुक्यातून आणि पाताळगंगा खालापूर तालुक्यातून वाहते. किनाऱ्यावर संकट समोरून येते आणि दिसते. येथे ते डोंगरावरून येते, आणि पुष्कळदा रात्री येते.

२

अलीकडील दोन घटना या विवेचनाचा आधार होत. पहिली ‘निसर्ग’ चक्रीवादळाची. ३ जून २०२० रोजी दुपारी हे वादळ अलिबागच्या दक्षिणेस श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे १०० ते ११० किलोमीटर होता आणि झोत १२० पर्यंत जात होते. वादळ किनाऱ्यावर न थांबता ईशान्येकडे सरकले आणि रायगडचा अंतर्भाग ओलांडून पुणे-नाशिकच्या दिशेने गेले. जिल्ह्यात विजेचे खांब आडवे झाले, भ्रमणध्वनीची यंत्रणा बंद पडली, आणि अनेक गावांचा बाहेरच्या जगाशी संबंध कित्येक दिवस तुटला.

दुसरी घटना इरशाळवाडीची. खालापूर तालुक्यात, चौक ग्रामपंचायतीच्या हद्दीत, इरशाळगडाच्या उतारावर ठाकर समाजाची ही वाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगराचा भाग तिच्यावर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. चढण पायीच चढावी लागे. त्यामुळे यंत्रे वर नेता आली नाहीत, आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान, खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारखे गिर्यारोहक आणि आसपासचे ग्रामस्थ यांना हातांनीच माती उपसावी लागली. आधीच्या तीन दिवसांत त्या भागात ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचे विधानसभेत सांगण्यात आले. वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हेही तेथेच सांगण्यात आले. हवामान खात्याचा जिल्ह्यासाठीचा लाल इशारा मात्र त्या दिवशी लागू होता.

म्हणजे इशारा होता, यादीही होती, कायदाही होता. या तिघांची गाठ मात्र त्या वाडीच्या उंबरठ्याशी पडली नाही. ती का पडली नाही, या प्रश्नाचा भाषेशी संबंध असलेला भाग तेवढा पुढे तपासावयाचा आहे.

३

प्रथम अधिकाराची मांडणी पाहू. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये जिल्ह्यातील सर्व सूत्रे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या हाती असतात. जिल्हाधिकारी हा त्याचा अध्यक्ष, आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष हा सह-अध्यक्ष. पोलीस अधीक्षक, जिल्ह्याचा प्रमुख आरोग्य अधिकारी इत्यादी सदस्य असतात. कलम ३१ नुसार जिल्ह्याचा आराखडा होतो आणि दरवर्षी त्याचे पुनर्विलोकन होते. कलम ४१ नुसार स्थानिक संस्थांनी आपली माणसे प्रशिक्षित ठेवावयाची आणि साधने सज्ज ठेवावयाची असतात. पण हे सारे जिल्हा प्राधिकरणाच्या निदेशांस अधीन राहून. स्थानिक संस्थेची कर्तव्ये अधिनियमाने सांगितली. संकटकाळात वाहतूक रोखण्याचे, प्रवेश बंद करण्याचे, साधने ताब्यात घेण्याचे अधिकार मात्र वर ठेवले. राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. आपत्ती हा त्यांत नाही. अधिनियमाच्या २०२५ मधील दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्यांसाठी आणि महानगरपालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी नागरी प्राधिकरणाची तरतूद केली. ग्रामपंचायतीच्या पातळीवर तसे काही निर्माण केले नाही.

आता हीच मांडणी जमिनीवर कशी दिसते ते पाहावे. कर्जत आणि खालापूर मिळून महसुलाचा एक उपविभाग होतो. प्रांताधिकारी, दोन तहसीलदार, मंडल अधिकारी आणि लोक ज्याला तलाठी म्हणतात तो ग्राम महसूल अधिकारी ही एक साखळी. मुख्य कार्यकारी अधिकारी, दोन गटविकास अधिकारी आणि ग्रामसेवक ही दुसरी. कर्जत, खोपोली आणि माथेरान येथील नगरपरिषदा व खालापूरची नगरपंचायत यांचे मुख्याधिकारी ही तिसरी. पोलीस ठाणे आणि १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाखालील पोलीस पाटील ही चौथी. यांखेरीज वन विभाग, महावितरण, रसायनीकडील औद्योगिक क्षेत्र, बोरघाटातील रेल्वे आणि द्रुतगती मार्ग यांचे स्वामी निराळे. इरशाळगडाच्या पायथ्याचे मोरबे धरण खालापूर तालुक्यात असले तरी ते नवी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचे. भिवपुरी आणि खोपोली येथील टाटांच्या वीजगृहांतून घाटमाथ्याचे पाणी अनुक्रमे उल्हास आणि पाताळगंगेच्या खोऱ्यांत उतरते. अशा प्रदेशात एका रात्रीच्या अतिवृष्टीत निदान दहा कचेऱ्यांना काही ना काही करावयाचे असते. त्यांपैकी प्रथम कोणी करावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. रायगड जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्यामुळे जुलै २०२३ मध्ये अधिनियमाने सह-अध्यक्षपदी कल्पिलेला लोकनियुक्त प्रतिनिधी अस्तित्वातच नव्हता. वाक्यात कर्त्याची जागा आहे, पण कर्ता नाही, अशी ही स्थिती. व्याकरणात अशा कर्त्यास अध्याहृत म्हणतात आणि तो संदर्भावरून ओळखता येतो. प्रशासनात तो तसा ओळखता येत नाही.

४

मराठी प्रयोगविचार हा मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’च्या काळापासून वादाचा विषय आहे. त्या वादात न शिरता एवढे सांगता येते की, मराठीत एकाच कर्तव्याचे विधान निरनिराळ्या क्रियारूपांनी करता येते, आणि प्रत्येक रूपात कर्त्याचे स्थान निराळे असते.

अधिनियमांच्या मराठी अनुवादाचा प्रघात ‘-ईल’ या रूपाचा आहे: प्राधिकरण आराखडा तयार करील. येथे कर्ता प्रथमेत आहे आणि क्रियापद त्याच्याशी बांधलेले आहे. कर्ता काढून घेतला तर वाक्य उघड अपुरे दिसते. परिपत्रकाच्या पातळीवर आले की ‘-ण्यात यावे’ ही रचना पुढे सरसावते: आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी, संबंधितांना कळविण्यात यावे. या रचनेत कर्ता आणावयाचाच झाल्यास तो ‘-कडून’ लावून बाहेरून आणावा लागतो, आणि न आणल्यास वाक्याचे काही बिघडत नाही. जिल्हा वा तालुका आराखड्यांच्या तक्त्यांत तर पूर्वतयारी, आपत्तीचा काळ आणि नंतरची कामे अशा रकान्यांखाली ‘-णे’ या धातुसाधितांची रांग असते: संपर्क ठेवणे, आढावा घेणे, साधनसामग्री सज्ज ठेवणे. या रूपाला काळ नाही, अर्थ नाही, पुरुष नाही. काम झाले की व्हावयाचे आहे, हेही ते सांगत नाही. आणि सर्वांत खाली, नागरिकांपर्यंत येणाऱ्या सूचनेत, पुन्हा कर्ता प्रकट होतो. परंतु तो आता निराळाच असतो: नागरिकांनी सतर्क राहावे, अत्यावश्यक काम असल्याशिवाय घराबाहेर पडू नये.

हा उतरता क्रम लक्षणीय आहे. ‘करील’ पासून ‘करण्यात यावे’, तेथून ‘करणे’, आणि तेथून ‘राहावे’. अधिनियमात जो भार संस्थेवर होता तो दोन पायऱ्यांवर कोणाचाच राहिला नाही, आणि शेवटच्या पायरीवर तो दरडीखाली राहणाऱ्या माणसावर आला. हे कोणी हेतुपूर्वक केले असे म्हणावयाचे नाही. कचेरीच्या मराठीची ही रूढ वळणे आहेत; दुष्काळाच्या, निवडणुकीच्या वा लसीकरणाच्या परिपत्रकांतही ती आढळतात. परंतु तेथे चूक दुरुस्त करण्यास अवधी असतो. अतिवृष्टीच्या रात्री तो नसतो.

सर्वांत मोठा घोटाळा ‘स्थलांतर करावे’ या शब्दप्रयोगात आहे. ‘स्थलांतर करणे’ म्हणजे स्वतः दुसरीकडे जाणे. ‘स्थलांतरित करणे’ म्हणजे दुसऱ्यास नेणे. हलणे आणि हलविणे यांत जो भेद तोच हा. ‘धोकादायक ठिकाणच्या कुटुंबांचे स्थलांतर करावे’ असे लिहिल्यावर वाहन कोणी द्यावयाचे, कोणत्या शाळेचे कुलूप कोणी उघडावयाचे, गुरे कोठे बांधावयाची आणि लोक येण्यास तयार नसतील तर त्यांना सांगावयास वर कोण चढणार, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या वाक्यात नसते. तलाठ्यास वाटते की ग्रामसेवक करील; ग्रामसेवकास वाटते की तहसील कचेरीचा लेखी आदेश येईल; आणि वाडीतील माणसास वाटते की इतकी वर्षे राहिलो, याही पावसाळ्यात राहू. तिघांचेही वाचन व्याकरणदृष्ट्या बरोबर आहे, आणि भीती आहे ती याचीच.

याच्या उलट उदाहरणही इरशाळवाडीनेच पुरविले. दुर्घटनेनंतर तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ अन्वये त्या परिसरात प्रवेशबंदी करण्यात आली. अशा आदेशाची घडण पाहावी: आदेश देणारा कोण, स्थळ कोणते, मुदत कोठवर, मनाई कोणास, हे सारे त्यात सांगावेच लागते, न सांगितल्यास तो टिकत नाही. म्हणजे नेमके लिहिणे कचेरीच्या मराठीस अशक्य नाही. आपत्तीनंतरच्या मनाईत जी नेमकेपणाची शिस्त आहे ती आपत्तीपूर्वीच्या कर्तव्यात नाही, एवढाच याचा अर्थ.

५

क्रियापदाइतकेच महत्त्व नामाला आहे. दरडप्रवण स्थळांची जी यादी असते ती ‘गावां’ची. महसुली व्यवहारात गाव हा एक निश्चित अर्थाचा पारिभाषिक शब्द आहे: ज्याचे दप्तर स्वतंत्र ते गाव. कर्जत-खालापूरच्या डोंगराळ भागात माणसे मात्र गावात राहतात त्याहून वाड्यांत राहतात. ठाकूरवाडी, कातकरवाडी, धनगरवाडा ही नावे एकाच तालुक्यात अनेकवार येतात. ती स्थळाची नावे असण्याऐवजी समाजाची नावे आहेत, आणि एक ठाकूरवाडी दुसरीपासून ओळखण्यासाठी शेजारच्या गावाचे नाव जोडावे लागते. गाव यादीत आले म्हणून त्याची उतारावरील वाडी आली असे होत नाही. आणि गाव सपाटीवर असल्याने सुरक्षित ठरले की त्याच्याच हद्दीतील वाडीही कागदोपत्री सुरक्षित ठरते.

रायगड जिल्ह्याला हा धडा नवा नव्हता. २००५ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी त्याच तालुक्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे गेली. शेजारच्या पुणे जिल्ह्यात ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावाने दीडशेहून अधिक माणसे गमावली. प्रत्येक घटनेनंतर यादी वाढली. परंतु यादी वाढविणे म्हणजे घडून गेलेल्या गोष्टींची नावे लिहिणे. पुढील घटनेचे नाव त्यात असेलच असे नाही. भूशास्त्रज्ञाने उताराची परीक्षा करावी हे खरेच. परंतु ज्या एककाची परीक्षा करावयाची ते एकक ‘महसुली गाव’ नसून ‘वस्ती’ आहे, हा निर्णय शास्त्रज्ञाच्या आधी प्रशासकाच्या शब्दकोशाने घ्यावयाचा आहे.

६

इशाऱ्याच्या शब्दांचीही हीच कथा आहे. कोकणच्या बंदरांवर बावट्याची भाषा फार जुनी आहे. बंदरावर कितव्या क्रमांकाचा बावटा लागला हे ऐकताच होडी घालावयाची की ओढून घ्यावयाची हे कोळ्यास कळते; म्हणजे तेथे चिन्ह आणि कृती यांची सांगड परंपरेने घातलेली आहे. अंतर्भागात अशी परंपरा नाही. पिवळा, नारिंगी आणि लाल हे रंग वृत्तपत्रांतून ओळखीचे झाले. परंतु लाल रंग जिल्ह्याला लागतो, आणि जिल्हा म्हणजे श्रीवर्धनच्या खाडीपासून माथेरानच्या पठारापर्यंतचा सारा मुलूख. त्या रंगाचा इरशाळगडाच्या उतारावर कोणता अर्थ, हे ठरलेले नसते. एका पावसाळ्यात तो अनेकवार लागला आणि काही घडले नाही, की चिन्हाचा अर्थ झिजतो. शब्द वापराने झिजतो तसाच.

नावांचीही गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाने सुचविलेले. मराठी माणसास ते परके वाटले नाही, उलट इतके ओळखीचे वाटले की त्यात धोक्याची सूचना उरली नाही. पूर्वीच्या सरकारी व्यवहारातील ‘निवारण’ हा शब्द जाऊन त्या जागी ‘व्यवस्थापन’ आला. पहिल्यात संकट दूर करण्याची प्रतिज्ञा होती, दुसऱ्यात ते सांभाळून नेण्याची. हा बदल शास्त्रदृष्ट्या समर्थनीय आहे. परंतु ‘निवारण कोणी केले नाही’ असा सरळ जाब विचारता येतो, तसा ‘व्यवस्थापन कोणी केले नाही’ असा विचारता येत नाही, हेही खरे.

७

या विवेचनावर दोन आक्षेप येतील, आणि ते दोन्ही गंभीर आहेत.

पहिला असा की, संदिग्ध भाषा ही अधिकाऱ्याची गरज आहे. प्रत्येक रात्र निराळी. आराखड्यात सारे बांधून टाकले तर प्रसंगी हात बांधले जातील. यात तथ्य आहे. परंतु विवेकाला मोकळीक देणे आणि कर्ता न सांगणे या दोन भिन्न गोष्टी होत. ‘मंडल अधिकाऱ्याने परिस्थिती पाहून वस्ती हलविण्याचा निर्णय घ्यावा’ या वाक्यात विवेक पूर्ण शाबूत आहे, आणि कर्ताही आहे. मोकळीक ‘कसे’ आणि ‘केव्हा’ यांत असावी. ‘कोणी’ यात नसावी.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. वाक्ये सुधारून डोंगर थांबत नाही. इरशाळवाडी यादीतच नव्हती, मग तिच्याबाबतीत कोणते वाक्य उपयोगी पडले असते? हे मान्य केलेच पाहिजे की, अवघी वाडी झोपेत असता जे घडले त्याचा दोष क्रियापदावर टाकणे हा अतिरेक होईल. रस्ता नसणे, वनजमिनीचे निर्बंध, दारिद्र्य आणि पर्यायी जागेचा अभाव ही कारणे भाषेच्या बाहेरची आहेत. परंतु यादीबाहेरच्या वस्तीसाठीच तर खाली असलेल्या अधिकाराची आवश्यकता असते. यादीतील गावाचा विचार अलिबागेस होऊ शकतो. यादीत नसलेल्या वाडीचा विचार फक्त तिच्या पायथ्याशी राहणारा माणूसच करू शकतो. तीन दिवसांत पाचशे मिलिमीटर पाऊस पडला की अमुक वाडी खाली आणावयाची, असे म्हणण्याचा लेखी अधिकार सरपंचास वा पोलीस पाटलास असता, तर त्याने तो वापरला असता की नाही हे सांगता येत नाही. तो अधिकार त्याच्या हाती देणारे वाक्य लिहिलेले नव्हते, एवढे सांगता येते.

८

अन्यत्रचा अनुभव याच दिशेने बोट दाखवितो. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर तेथे स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले, किनाऱ्यावर निवारे बांधले गेले आणि निवाऱ्यागणिक स्थानिक समित्या नेमल्या गेल्या. २०१३ च्या ‘फायलिन’ वादळापूर्वी जवळजवळ दहा लक्ष लोकांना हलविता आले आणि जीवितहानी फारच मर्यादित राहिली. अमेरिकेत मात्र २००५ मध्ये ‘कॅटरिना’ वादळ आले तेव्हा न्यू ऑर्लिन्सच्या महापौराने सक्तीच्या स्थलांतराचा आदेश वादळाच्या आदल्या दिवशी, २८ ऑगस्टला दिला. ज्यांच्यापाशी वाहन नव्हते त्यांनी कसे जावयाचे याची पुरेशी तजवीज झालेली नव्हती. तेथे कर्ता होता, आज्ञार्थही होता, साधन नव्हते. तेव्हा केवळ वाक्य नेमके असून भागत नाही. पण वाक्य नेमके असले म्हणजे उणीव कोठे आहे ते तरी दिसते. ‘सर्व संबंधितांनी दक्षता घ्यावी’ या वाक्यात काय उणे होते ते आपत्तीनंतरही दाखविता येत नाही.

महाराष्ट्राला या क्षेत्रात मागासलेला म्हणता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जिल्हावार आराखडे करण्याचे काम या राज्याने केंद्रीय अधिनियमाच्या कितीतरी आधी हाती घेतले. आराखडा या शब्दाचा मूळ भाव कच्ची रूपरेषा असा आहे, आणि जिल्ह्याच्या पातळीवर तो तसा असणे क्षम्य आहे. परंतु कर्जत-खालापूरच्या एकेका वस्तीपर्यंत पोहोचता पोहोचता तरी रूपरेषेचे चित्र झाले पाहिजे. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जिल्हा प्राधिकरणाचे निदेश पुरेसे आहेत. प्रत्येक वस्तीचे नाव तिच्या गावापासून स्वतंत्र लिहावे. प्रत्येक कामापुढे ‘-णे’ न लिहिता पदनाम तृतीयेत लिहावे, आणि ते पद रिक्त असल्यास दुसरे कोणते, हेही लिहावे. पर्जन्यमापकाच्या कोणत्या आकड्याला कोणती वस्ती खाली येईल हे जूनपूर्वी त्या वस्तीसमोर, तिच्या बोलीत वाचून दाखवावे. वीज आणि दूरध्वनी बंद पडतात हे ‘निसर्गा’ने दाखविले आहे; म्हणून निरोप पायी कोण नेईल हेही त्याच कागदावर असावे.

चौक येथे आता वाचलेल्या कुटुंबांसाठी सिडकोने घरे उभारली आहेत. ज्या अंतरावर ती उभी आहेत ते अंतर पायी दोन तासांचेही नाही. १९ जुलैच्या दुपारी तेवढे अंतर वाडी खाली आणावयाची होती. ‘आणावी’ हे क्रियापद मराठीत होते. त्याला कर्ता मिळाला नाही.